श्योकच्या काठची चानकी

बुसैतीन

बहारीनमध्ये चढ म्हणून जो काही आहे तो फ्लायओव्हरचा. वाळवंटात एक डोंगर आहे म्हणतात. इथे नवीन आलो तेव्हा तो बघायला गेलो होतो. गाडीतून उतरून मी ह्यांना विचारलं, "डोंगर कुठाय?" तर आम्ही डोंगरावरच उभे होतो. मी चिपळूणची, घाट, धुकं आणि दरडी यांत वाढलेली. इतकी वर्षं या सपाट बेटावर काढली, तरी गाडी घाटाच्या वळणाला लागली की पोटात जे गलबलतं, ते मला अजून हवंसं वाटतं. म्हणून यंदा ह्यांनी रजा टाकली तेव्हा मी सांगूनच टाकलं, गावी नेहमीच जातो, या खेपेला मला डोंगर दाखवा, आणि दाखवायचाच तर चांगला मोठा दाखवा. लडाखचं तिकीट निघालं ते असं.

हे म्हणजे माझे यजमान, सलमाबादला एसीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. मी एका नर्सरीत शिकवते. एकुलता एक चिन्मय दोन वर्षांपूर्वी शिकायला कॅनडाला गेला. आता घरात आम्ही दोघं आणि तीन माणसांची भांडी.

आणि हसनभाई. ते आमच्या घरचे नाहीत, पण त्यांच्याशिवाय हे प्रवासवर्णन लिहिताच येणार नाही.

बुसैतीनमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी खुबूसचं, म्हणजे अरबी रोटीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक तंदूर, एक लाकडी फळी आणि हसनभाई. सकाळी फळीपुढे अरबी बायकांच्या मोलकरणी, शाळेत जाणारी पोरं आणि आमच्यासारखे चारदोन हिंदुस्थानी उभे असतात. हसनभाई पाकिस्तानातले एवढं ठाऊक होतं. इथे कोण कुठला हे फार कुणी खोदून विचारत नाही. मला ते बाजी, म्हणजे ताई म्हणायचे. चिन्मय लहान असताना रोज माझं बोट धरून यायचा. हसनभाई शेवटचं उरलंसुरलं पीठ गोळा करून एवढीशी रोटी थापायचे, मधोमध अंगठ्याने खड्डा करायचे आणि भाजून गरम गरम त्याच्या हातावर ठेवायचे. आमच्याकडे कोकणात शेवटच्या पिठाची पोरासाठी अशीच छोटी भाकरी करतात, तिला चानकी म्हणतात. म्हणून हिचंही नाव चानकीच पडलं. आमच्या ध्यानाला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र ते इंग्रजीत द्यायचं, पण फळीपाशी उभा राहून "व्हेअर इज माय चानकी?" असं ओरडायचं. तेवढा एक शब्द त्याने सोडला नाही.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. हसनभाईंनी शेवटचं पीठ गोळा केलं. चानकी केली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती तिथेच उभी राहून खाल्ली आणि घरी येऊन मनसोक्त रडले. तेव्हापासून ती माझी झाली. एकदा मी विचारलं होतं, हा खड्डा कशाला? म्हणाले, "पता नहीं बाजी, ऐसे ही बनती है."

तर मी त्यांना सहज सांगितलं, लडाखला चाललोय, नुब्रा खोरं बघणार. हसनभाईंचा हात तंदुराच्या तोंडाशीच थांबला. रांगेतल्या मागच्या मुलीने "यल्ला, यल्ला" करत घाई केली तेव्हा कुठे भानावर आले. मला म्हणाले, गर्दी गेली की पाच मिनिटं थांबा.

नुब्राच्या पुढे, श्योक नदीच्या काठाने जात राहिलं की सरहद्दीला टेकलेलं एक गाव लागतं. ते त्यांचं गाव. एकाहत्तरच्या लढाईआधी ते पाकिस्तानात होतं, लढाईत हिंदुस्थानात आलं. हसनभाईंचे दुधाचे दातही पडले नव्हते तेव्हा. वडील त्यांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला काकाकडे गेले होते. मागे गावात मोठी बहीण, त्यांची आपा, होती. आई आधीच वारलेली, याच बहिणीने त्यांना वाढवलं होतं. लढाई संपली तेव्हा बहीण एका देशात आणि भाऊ दुसऱ्या. मधे एक डोंगर. हसनभाई पुढे कराचीला गेले आणि तिथून बहारीनला आले.

मी म्हटलं, अहो पण आता फोन आहेत, चेहरे दिसतात.

"दिसतात ना," हसनभाई म्हणाले. "भाचा आहे माझा, रझा. त्याने लावून दिला होता. आपाने बघितलं आणि फोन ठेवून दिला. म्हणाली, हा कुणीतरी म्हातारा आहे, माझा हसन नव्हे. परत कधी फोनवर आलीच नाही."

पुढे ते काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. मालकाने सांगितलं होतं, थंडीत व्हिसा संपला की खलास, घरी जा. त्यांना हिंदुस्थानचा व्हिसा मिळणं कठीण, आपाला तिकडचा मिळणं त्याहून कठीण. दोघांनी समोरासमोर यावं अशी जागा त्यांच्या दृष्टीने जगात एकच होती, ती म्हणजे हे बहारीन. रझाने आपाचा पासपोर्टही काढून ठेवला होता. आपाचं एकच म्हणणं, त्या अनोळखी म्हाताऱ्याला भेटायला मी एवढ्या लांब कशाला जाऊ?

"बाजी, तुम्ही मला रोज बघता. तुम्ही जाऊन सांगा की मी तोच आहे. तिला घेऊन या."

मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. छातीवर हात ठेवून सांगून आले, आणते. ह्यांनी कपाळाला हात लावला.

लेह

लेहला विमानातून उतरलं की पहिला दिवस नुसतं पडून राहायचं, हे सगळे सांगतात आणि कुणीच ऐकत नाही. ह्यांनी ऐकलं नाही. बाजारात फिरून आले आणि संध्याकाळी डोकं धरून बसले. मी भरपूर ऐकवलं त्यांना. पाणी पीत राहा, लसणाचं सूप घ्या, तुम्हाला कुणी सांगितलं होतं पळायला, वगैरे.

याची फेड खारदुंग-ला खिंडीवर झाली. खिंडीत गाडी थांबली, सगळे प्रवासी फोटो काढायला धावले, आणि मी मात्र गाडीच्या आडोशाला वाकून सकाळचा नाश्ता परत करत होते. हे पाठीवर हात फिरवत उभे होते. "मोठा डोंगर पाहिजे होता ना," एवढंच म्हणाले. चहा मात्र त्यांनीच आणून दिला, गरम आणि भरपूर गोड.

श्योकच्या काठाने

खिंड उतरलो आणि अंगात जीव आला. ज्यांनी लडाख पाहिलं नाही त्यांना सांगते, हिरवा डोंगर डोळ्यांपुढून काढून टाका. हे डोंगर उघडे असतात. तपकिरी, जांभळे, कुठे गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचे. झाड नाही, गवत नाही. आपल्या सह्याद्रीत डोंगर तुम्हाला जवळ घेतो, इथे तो तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. खाली श्योक, राखाडी, घाईत असलेली. आणि मधेच कुठेतरी वरून एक ओढा उतरतो, आणि तेवढ्या जागेत गाव, शेत आणि उंच सरळ झाडं गच्च उभी असतात.

सरहद्द जवळ येत गेली तशा चौक्या वाढल्या. एका चौकीवर जवानाने परमिट घेतलं, आडनाव वाचलं आणि मान वर केली. "काकू, कुठल्या तुम्ही?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पोरगा कराडकडचा. बहारीनहून आलो म्हटल्यावर म्हणाला, "माझा मामा आहे की तिकडं. सलमाबादला. एसीचं काम करतोय." ह्यांना मामाचं नाव सांगितलं. ह्यांना तो माणूस नाकाडोळ्यांसकट माहीत निघाला. मग काय, दहा हजार फुटांवर सलमाबादच्या गप्पा सुरू. मी पिशवीतून लसणीच्या चटणीची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने आधी वास घेतला आणि मगच थँक्यू म्हटलं.

निघताना त्याने हात करून दाखवलं. "त्या कड्यावर ते, हितल्या कड्यावर आमी. तिकडं कॅमेरा करू नका, काकू." मी बघितलं. दोन्ही कडे सारखेच दिसत होते.

गाव

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहून त्या घराला कुणी शोधत जायला नको.

रझा पुलाशी घ्यायला आला होता. चाळिशीचा, टॅक्सी चालवतो आणि घराच्या वरच्या दोन खोल्या प्रवाशांना देतो. हिंदी छान बोलतो. पुलापलीकडे गाडी जात नाही. दगडी पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंनी पाणी खळखळतंय, आणि फुलाला आलेलं गुलाबी-पांढरं कुट्टूचं शेत. कुट्टूचं पीठ आपण उपासाला खातो, पण ते उभ्या शेतात असं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. घराघराच्या गच्चीवर जर्दाळू वाळत घातलेले. जांभ्याच्या अंगणात आमसुलं वाळत घालतात त्याचीच मला आठवण झाली.

झैनब आपा दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, गालावर उन्हाने पडलेले लाल डाग, डोक्यावरची ओढणी मागे बांधलेली. त्यांची भाषा बाल्टी, हिंदी येते ती मोडकीतोडकी. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मला वाटलं, अर्धं काम झालं.

कसलं काय. मी बहारीनमधल्या मुहर्रकचा हलवा दिला, हसनभाईंनी पाठवलाय म्हटलं. आपांनी बोटभर चाखला, फार गोड आहे म्हणाल्या आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकला. मी बहारीनचा ब काढला की समोर काहीतरी खायला यायचं. कुट्टूचे पोळे आणि अक्रोडाची दाट चटणी. दही. जर्दाळूचा रस. मीठ घातलेला चहा, ज्याचा पहिला घोट मी चहा समजून घेतला आणि दुसरा सूप समजून. पोट तट्ट फुगलं, पण आपा काही ऐकून घेईनात.

हे मात्र तिथे रमले. रझाने त्यांना घरामागची दगडी खोली दाखवली. निम्मी जमिनीत, भिंतींत मुद्दाम ठेवलेल्या फटी, आणि त्या फटींतून बर्फावरचा गार वारा आत येतो. लोणी, मांस, दूध, सगळं त्यात टिकतं. हे आत जाऊन भिंतींना हात लावून आले. "गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, कम्प्लेंट नाही," म्हणाले. "हे लोक बहारीनला आले तर आमचं वर्कशॉप बंद." जेवणापर्यंत दुसरा विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी घोडं पुढे दामटलं. फोनमध्ये हसनभाईंचा व्हिडिओ होता. तंदुरापुढे उभे राहून आपाला सलाम करत होते. मी तो आपांच्या समोर धरला. त्यांनी क्षणभर बघितलं आणि ओढणीच्या टोकाने फोन झाकला. रझाने मला सांगितलं, "अम्मी म्हणते, हा माणूस भला दिसतो. त्याला माझा सलाम सांगा. पण माझा हसन एवढासा आहे." आपांनी हात कमरेइतका खाली धरून उंची दाखवली.

मी रझाला बाजूला घेतलं. म्हटलं, अरे, तूच समजाव ना. तो म्हणाला, "काकी, वेळ थोडा आहे. मामू बहारीनमध्ये आहेत तोवर इंटरनेटवर तरी फोन लागतो. ते तिकडे गावी गेले की इथून लावायचं म्हणजे कठीण. नेट आधीच असं, त्यात सरहद्दीपलीकडे फोन केला की फौजेची विचारपूस. मी सांगून सांगून थकलो. अम्मी म्हणते, पोरगा मोठा झाला असेल मान्य, पण म्हातारा कसा होईल?"

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून राहिले. समोरच्या डोंगरामागे हसनभाईंचं तिकडचं गाव. मला चिन्मयचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा होता, तर येत होता तो पाचवीतला, पुढचे दोन दात नसलेला. रोज व्हिडिओवर दाढीवाला मुलगा बघते मी. पण मनात विचारलं की समोर येतो तो बोट धरलेलाच. आपांवर चिडायचं मग माझ्याने होईना.

तिसरी सकाळ

आम्हाला त्या दिवशी दुपारी निघायचं होतं. मी हात चोळत चुलीपाशी जाऊन बसले. आपा रोट्या करत होत्या. चुलीत फाटे, वर लोखंडी तवा, धुराने डोळ्यांना पाणी. पीठ संपत आलं. आपांनी परात खरवडली, बोटांचं पीठ निपटून काढलं, त्या सगळ्याची एवढीशी रोटी थापली आणि मधोमध अंगठा दाबून खड्डा केला.

मी ओरडलेच. "अरे, हे तर हसनभाई करतात!"

मराठीतच ओरडले. रझा आणि हे दोघंही धावत आले, त्यांना वाटलं मी भाजले. मी हिंदीत, हातवारे करून, सगळं भडाभडा सांगितलं. रोज सकाळी, सगळ्यांत शेवटी, परात खरवडून. असाच अंगठा. माझ्या मुलाला देत होते, तो गेला तर आता मला देतात. रझा सांगत गेला तसतशी आपांची मान वर होत गेली. तव्यावरची रोटी करपली, कुणी उलटली नाही.

आपांनी काहीतरी विचारलं. रझा म्हणाला, "अम्मी विचारते, खड्ड्यात तेल कुठलं घालतो?"

"तेल नाही घालत. नुसता खड्डा करतात. मी विचारलं होतं कशाला. म्हणाले, माहीत नाही, अशीच करतात."

आपा उठल्या. कोनाड्यातून एक बाटली काढली आणि नवीन चानकी भाजून तिच्या खड्ड्यात तेल ओतलं. जर्दाळूच्या बियांचं तेल, पिवळंधमक, कडवट गोड वासाचं. मग बोलल्या, थांबत थांबत, आणि रझा सांगत गेला. आई गेल्यावर हसन जेवेना. मग त्या रोज शेवटची छोटी रोटी करायच्या, खड्डा करून त्याला तळं म्हणायच्या, तळ्यात तेल ओतायच्या आणि कडा मोडून त्यात बुडवून त्याला भरवायच्या. तो गेला त्या दिवसापासून एकही दिवस चुकला नाही, शेवटची रोटी त्याचीच.

"मग ती खातं कोण?" मी विचारलं.

"बकरी," आपा स्वतःच हिंदीत म्हणाल्या. "बकरी खाती."

मग त्यांनी फोन मागितला. व्हिडिओ लावून दिला. या खेपेला त्यांनी तो नाकापाशी धरून बघितला, पुन्हा पुन्हा, आणि हसनभाईंच्या पिठाच्या हातावर बोट ठेवलं. "तळं राहिलं, तेल विसरला," असं म्हणाल्या आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागल्या. मीही रडले, लाज कसली. हे बाहेर जाऊन उभे राहिले.

मी तर जिंकल्यातच जमा होते. डोळे पुसून म्हटलं, "आता येणार ना आपा बहारीनला? समुद्र दाखवते तुम्हाला."

आपांनी तवा उतरवला. जेवण झाल्यावर माझा हात धरून गच्चीवर नेलं, जर्दाळू वाळत होते तिथे. रझा मागून आला. आपा जर्दाळू उलटे करत बोलत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

"काल तुम्ही अजून एकदा म्हटलं असतं तर कदाचित आले असते," त्या म्हणाल्या. "कुणीतरी म्हातारा आहे, बघून येऊ, रझाचाही हट्ट पुरा होईल. पण आता कळलं ना तो माझा हसन आहे. आता नाही यायचं. तिथे येईन, त्याला बघेन, जेवू घालेन. आणि मग? मग विमानतळावर तो त्या दारातून जाणार आणि मी या दारातून. त्याला एकदा सोडलाय. तेव्हा सोडतेय हे माहीत तरी नव्हतं, चार दिवसांत येईल म्हणून पाठवला होता. आता माहीत असून सोडायचं? नाही जमणार मला."

मी बोलायला कमी पडते असं माझ्या नात्यात कुणी म्हणणार नाही, पण त्या गच्चीवर मीही खाली बसून जर्दाळू उलटायला लागले. मीच माझ्या तोंडाने तो म्हातारा त्यांचा भाऊ करून दिला होता, आणि मीच त्यांचा रस्ता बंद केला होता.

"मग मी त्यांना काय सांगू?" एवढंच विचारलं.

आपांनी हातातला जर्दाळू उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, "फोनवर बोलेन. फोनवर माणूस निघून जात नाही. नुसता फोन बंद होतो."

मी चानकी मागितली, हसनभाईंना न्यायला. ती मात्र त्यांनी दिली नाही. शिळी कशाला, म्हणाल्या. तेलाची बाटली तेवढी दिली, बुचावर मेण लावून. ती ह्यांच्या लोकरी मोज्यात गुंडाळून आम्ही बहारीनपर्यंत आणली. पुलापर्यंत आपा सोडायला आल्या. त्यांनी माझी ओटी नाही भरली, त्यांच्यात नसेल तसं, पण पदर धरायला लावून त्यात जर्दाळू ओतले. मी पंजाबी ड्रेसची ओढणी पुढे केली. माहेराहून निघाल्यासारखं झालं आणि पाय निघेना.

बुसैतीन, परत

विमान उतरताना खिडकीतून बघितलं, खाली सगळं सपाट. दार उघडल्यावर दमट वाफ तोंडावर आली आणि चष्म्यावर धुकं जमलं. घरी येऊन बॅग उघडली तर जाताना हलव्याच्या डब्यातून गळलेला साखरेचा पाक माझ्या एका स्वेटरला लागून वाळला होता.

सकाळी दुकानात जायचं माझ्या जिवावर आलं. हसनभाईंनी मला लांबूनच पाहिलं आणि माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं. गर्दी गेल्यावर मी सगळं सांगितलं, गच्चीवरचंही, एक शब्द गाळला नाही. ते पीठ मळत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर बोलली. माझ्यानेसुद्धा झालं नसतं." मग बराच वेळ नुसतेच मळत राहिले. पीठ कधीच मळून झालं होतं. मी बाटली फळीवर ठेवली. त्यांनी मेण काढलं, वास घेतला आणि डोळे मिटले. मग विचारलं, "शेळी काळी आहे का पांढरी?"

"काळी," मी म्हटलं. "कपाळावर पांढरा ठिपका."

"म्हणजे त्याच वंशातली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रझाने माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. आपा दिसल्या, चुलीपुढे. हसनभाई फोनसमोर येऊन उभे राहिले. पहिल्या आपाच बोलल्या. हसनभाई एकदम हसले आणि बाहीने गाल पुसायला लागले. मी विचारलं, काय म्हणाल्या? "म्हणते, तोंडाला पीठ लागलंय, पूस आधी."

मग रोजच असं होऊ लागलं. म्हणजे तिकडचं नेट असेल त्या दिवशी. मी फोन फळीला टेकवून ठेवायची आणि खुबूस घेऊन बाजूला उभी राहायची. दोघं काय बोलायची मला कळत नसे. बहुतेक वेळा आपा रागवायच्या आणि हसनभाई हं, हं करायचे. शेवटची रोटी ते आता तळं करून, तेल घालून, आपांच्या समोर खायचे. मला चानकी मिळणं बंद झालं. एकदा चिन्मयला फोनवर सांगितलं तर तो मराठीत म्हणाला, "बरं झालं आई." इतका वेळ इंग्रजीत बोलत होता.

थंडी सुरू झाली आणि व्हिसा संपला. शेवटच्या सकाळी मालक दुकानात होता, नवीन माणूसही आला होता, गाडी बाहेर उभी. मी कॉल लावून दिला. त्या दिवशी दोघं फार बोलली नाहीत. आपांनी तिकडे चानकी भाजली, इकडे यांनी. खाऊन झाली. बाटलीतलं तेलही संपलं होतं. मालक म्हणाला, "यल्ला हसन." हसनभाई फोनकडे बघत राहिले. आपाही बघत राहिल्या. फोन बंद करायला कुणाचाच हात पुढे होईना, आणि मी तर मुळीच करणार नव्हते. मग चित्र अडकलं, आपांचा चेहरा अर्धाच राहिला आणि पडदा काळा झाला. तिकडचं नेट गेलं होतं.

हसनभाईंनी फोन माझ्या हातात दिला. "बाजी," ते म्हणाले, "आपा गेली नाही हं. नुसतं नेट गेलं." आणि पिशवी उचलून गाडीत जाऊन बसले.